दोनशे बारा तांबशेपट्या

२ एप्रिल

धाकट्या,

तू आणि मी नदीकाठच्या एकाच घरात वाढलो. आपल्या दोघांचं एक गाऱ्हाणं अजून कुणी पुरतं ऐकून घेतलेलं नाही. आपली नदी आपल्याला न विचारता अडवली. बाबांनी होडी कुऱ्हाडीनं फोडली आणि ती आपण दोन हिवाळे चुलीत जाळली, तेव्हा तू सहा वर्षांचा होतास, मी चौदा. धरण बांधणाऱ्यांनी माशांसाठी सिमेंटची शिडी बांधली, पाण्याच्या पायऱ्यापायऱ्यांची, म्हणजे त्यांना भिंत ओलांडून वर जाता यावं. माणसांसाठी तेवढंही केलं नाही.

ही वाक्यं मी इतक्या सभांत म्हटली आहेत की लिहितानाही कुठे थांबायचं ते हात आपोआप जाणतो. तू ती ऐकताना खाली बघायचास. बाबा मला भोंगा म्हणायचे आणि तुला मुका, आणि आईला सांगायचे की दोघांत मिळून एक नीट माणूस झाला असता.

मुद्द्यावर येते. वरच्या अंगाला, खडीच्या पात्रात, कंपनीला दुसरं धरण हवं आहे. तांबशेपटी मासळी अंडी घालते ती तेवढीच जागा उरली आहे. १४ मेला, गुरुवारी, सुनावणी आहे. आमची नदी बचाव समिती विरोध करणार, आणि बोलणार अर्थातच मी. आमच्याकडे भक्कम असं एकच आहे: दोन वर्षांपूर्वी शिडी चढून गेलेल्या दोनशे बारा तांबशेपट्या. म्हणजे मासा जिवंत आहे, नदी जिवंत आहे, तिला मारू नका. हा आकडा तुझ्या वहीतला आहे. मोजणीच्या खिडकीत तू बसत होतास. तू येऊन एवढंच म्हणायचंस, होय, या मी मोजल्या.

मागचं सगळं विसर असं मी म्हणत नाही. पण हे घरापेक्षा मोठं आहे, आणि ते तुला कळतं.

फोन तू उचलत नाहीस म्हणून लिहिते आहे. आई बरी आहे.

तुझी ताई


१० एप्रिल

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. "तू स्वतः मोजून बघ. मग लिही." दोन वर्षांनी भावाकडून येऊन येऊन सहा शब्द आले. तुझ्या त्या बर्फाच्या कारखान्यात बोलण्यावरही मापाचा साचा लावतात का?

दोन दिवस मी रागात होते. वर्गात मुलांवर खेकसले. मग म्हटलं, ठीक आहे. मी सेहेचाळीस वर्षांची आहे, तुरुंगात दोनदा जाऊन आले आहे, एका खुर्चीत बसून मासे मोजायला मी घाबरेन असं तुला वाटत असेल तर तू बहिणीला ओळखत नाहीस. शाळेतून महिन्याची रजा घेतली. समितीला मोजणीच्या खोलीत बसायचा हक्क मिळून दीड वर्ष झालं आहे, आम्हीच भांडून मिळवला होता तो. मिळवल्यावर कुणी बसलं नाही. तू गेल्यावर कंपनीनं तिथे कॅमेरा लावला होता. त्याची काच आतून घामेजते. त्याला धुकं तेवढं दिसतं.

तर आज माझा चौथा दिवस. ही खोली मी इतकी वर्षं भाषणांत वापरली, पण आत कधी पाय ठेवला नव्हता. बावीस पायऱ्या उतरायच्या, लोखंडी दार, ओल्या पोत्यासारखा वास. भिंतीत दाराएवढी काच आणि काचेपलीकडे हिरवट उजेडातलं पाणी, तुझ्या डोक्यापेक्षा उंच. तुझ्या खुर्चीची गादी बसून बसून खळगा झाली आहे. मी तिच्यावर घडी घातलेला टॉवेल टाकला आहे. अंगठ्यानं दाबायची दोन मोजणीयंत्रं टेबलाला साखळीनं बांधलेली आहेत, उजवं वर जाणाऱ्यासाठी, डावं खाली येणाऱ्यासाठी. संध्याकाळी उजव्यातून डावं वजा करायचं. पहिलीच्या मुलाला जमेल असं काम, आणि त्याची तू एवढी मिजास मिरवायचास.

सांडव्याचे दरवाजे अजून तेच चावीकाका चालवतात. दात आणखी दोन गेले आहेत. मला बघून म्हणाले, "भोंगा खाली उतरला म्हणजे मासे माघारी फिरणार." मी म्हटलं, काका, मी आवाज वरच ठेवून आले आहे. ते म्हणाले, बघू किती वेळ.

चार दिवसांत वर गेलेल्या एकोणीस, खाली आलेली एकही नाही. डावं यंत्र शून्यावर आहे. पाहिलंस? जगते आहे ती. पहिली दिसली तेव्हा, आता तुला हसू येईल, मी उभी राहिले. कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढी लांब, काचेला घासून गेली, आणि शेपटीवरची तांब्याची झाक अशी की आत्ताच कुणी चिंचेनं घासून काढली आहे. बाबांनंतर मी ती जिवंत अशी पहिल्यांदाच पाहिली. इतकी वर्षं जिच्यासाठी ओरडले, तिचं तोंड मला माहीत नव्हतं.

आता मोजलं आहे आणि लिहिते आहे. तर मग गुरुवारी १४ मेला ये.

ताई


१९ एप्रिल

धाकट्या,

तू उत्तर दिलं नाहीस. तसं तू म्हटलंही नव्हतंस की देशील.

एक साधी तांत्रिक शंका आहे. हिच्यातून दुसरं काही काढू नकोस.

शुक्रवारी एक तांबशेपटी वर गेली. तिच्या शेपटीच्या खालच्या पात्याला खाच होती, शिंप्यानं कात्रीनं घ्यावी तशी. मी उजवं यंत्र दाबलं. रविवारी सकाळी तशीच खाच असलेली एक वर गेली. मी दाबलं. एखाद्या शिकारी माशानं दोघींना सारखंच चावलं असेल असं म्हटलं. मंगळवारी तीच खाच, आणि या वेळी डाव्या डोळ्याखालचे खवले सोललेले. मी यंत्र हातात धरून बसले. दाबलं नाही. मग ती गेल्यावर दाबलं, कारण नियमात लिहिलं आहे की वर जाईल ती मोजायची.

ती वरून खाली काचेसमोरून कधीच आली नाही. डावं यंत्र शून्यावरच आहे. मग खालून पुन्हा पुन्हा येते कुठून?

चावीकाकांना विचारलं. ते मला धरणाच्या माथ्यावर घेऊन गेले. सकाळचे साडेसात वाजले होते. डोंगरातलं पाणी वाढलं आहे, त्यामुळे सहा ते बारा सांडव्याचे दरवाजे उघडे असतात. आपण शिडीच्या वरच्या तोंडापासून चालत निघालो असं समज. चाळीसाव्या पावलाला मी तिसऱ्या दरवाजावर होते. खाली पाणी असं पडत होतं की कठडा दुखऱ्या दातासारखा हलत होता.

काका माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाले, "शिडी चढून येते तेव्हा दमलेली असते बिचारी. वर आली की पाणी ओढतं. पडली की खालून पुन्हा शिडीला लागते. जोवर जीव आहे तोवर."

म्हणजे ती उतरते ती सांडव्यावरून, काचेसमोरून नव्हे.

मी विचारलं, हे माझ्या भावाला माहीत होतं?  काका नाक पुसून दरवाजाकडे गेले.

तेव्हापासून मी शाळेच्या वहीत प्रत्येकीचं चित्र काढते आहे. मला चित्र येत नाही. माझे मासे बुटांसारखे दिसतात. पण खाच, सोललेला डोळा, पाठीवरचा चट्टा, एवढं काढता येतं.

शंका एवढीच की तूही अशीच चित्रं काढत होतास का.

ताई


२७ एप्रिल

धाकट्या,

मागच्या पत्रात मी "साधी तांत्रिक शंका" असं लिहिलं. ते खोटं होतं. पहिल्या पत्रात तुझ्या वहीत दोनशे बारा आहेत असं लिहिलं, तेही अर्धंच होतं. आणि आई बरी आहे असं लिहिलं. आईची तब्येत ठीक आहे. पण ती माझ्याशी बोलत नाही. मीठ संपलं, दार लाव, पाणी गरम झालं, एवढंच बोलते. दोन वर्षं.

उजव्या यंत्रावर आज अठ्ठावन्न आकडा आहे. माझ्या वहीत बूट अकरा.

मी शंका विचारायला नको होती, कारण उत्तर तू मला दोन वर्षांपूर्वीच दिलं होतंस. सभेच्या आदल्या दिवशी, दुपारी, स्वयंपाकघरात. मी ओट्याशी उभी राहून भाषणाचे कागद लावत होते. तू वही उघडून माझ्यापुढे धरलीस आणि म्हणालास, "ताई, हे दोनशे बारा मासे नाहीत. या फेऱ्या आहेत. मासे सदतीस."

मी त्या वहीकडे नजरही टाकली नाही. म्हटलं, "उद्या तीन हजार माणसं येणार आहेत. सदतीसवर कोण उठून उभं राहील?"

हे मला शब्दन् शब्द आठवतं. इतके दिवस आठवत नव्हतं असंही नाही. तुझा आवाज खालचा होता म्हणून मला ते मत वाटलं, माहिती वाटली नाही. ज्याला ओरडता येत नाही त्याच्याकडे खरं काही असेल, हे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही. माणसं का गप्प बसतात यावर मी कपाटभर पुस्तकं वाचली आहेत. घरातला एक माणूस बोलत होता, तो मी ऐकला नाही.

तू मुका असूनही तुझा अहवाल मत्स्यखात्याला पाठवलास. सदतीस. सभेच्या सकाळी मला त्याची प्रत मिळाली आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट पेटली, की कंपनीनं याला फिरवला. मासे कमी दाखवायचे, मग शिडी बंद करायची, असा डाव. मी क्षणभरही थांबले नाही. मी बोलले. तू तिथे मागे उभा होतास, आई पुढच्या रांगेत. "ज्याच्या हाती मोजणी होती तोच विकला गेला, आणि तो माझा सख्खा भाऊ आहे हे सांगताना मला लाज वाटते." एवढ्या टाळ्या मला आयुष्यात कधी मिळाल्या नव्हत्या. त्या चालू असतानाच आई उठली आणि आठ किलोमीटर चालत घरी गेली. तुझ्या खोलीच्या दाराला लोकांनी डांबर फासलं ते मी पाहिलं नाही असं मी सगळ्यांना सांगते. मी पाहिलं होतं. कुणी फासलं तेही माहीत आहे. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं तू गेलास.

त्या संध्याकाळी आई म्हणाली, "तुझ्या आवाजानं माझं पोर घराबाहेर गेलं." त्यानंतर मीठ, दार, पाणी.

आज मी तिला सांगितलं. वाटाणे सोलत होती. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "मला माहीत होतं. वाटाणे सोलताना सुद्धा तो मोजायचा, आणि किडका दाणा मोजण्यातून वगळायचा." मग पुन्हा सोलायला लागली. मी शेजारी बसले. तिनं टोपली माझ्याकडे किंचित सरकवली. किंचितच, फार अर्थ लावण्याएवढी नाही.

आणखी एक. खाचवाली सातव्यांदा आली नाही. काल चावीकाकांनी सांडव्याच्या पायथ्याशी, काँक्रीटच्या ओट्यावर, ती मला दाखवली. पोट फाटलं होतं. पोटात अंडी होती, मोहरीएवढी, नारिंगी, ओट्यावर पसरलेली, आणि त्यावर माश्या बसत होत्या. मी ती हातानं गोळा करायला लागले. काका म्हणाले, ताई, आता त्याचं काही होत नाही. तरी मी करत राहिले.

म्हणून बूट आता दहा.

ताई


५ मे

धाकट्या,

सुनावणीसाठी कंपनीनं दिलेला अहवाल काल समितीच्या हाती आला. चारशे पानं. पान सत्तावन्नवर आपला मासा आहे. लिहिलं आहे की शिडी उत्तम काम करते, एका हंगामात दोनशे बारा तांबशेपट्या वर गेल्या, म्हणजे मासा सावरतो आहे, त्यामुळे वरच्या अंगाला दुसरं धरण आणि तशीच दुसरी शिडी बांधायला धोका नाही. खाली बारीक अक्षरात आधार दिला आहे. कुणाचा असेल? नदी बचाव समितीच्या प्रमुख वक्त्यांनी जाहीर सभेत दिलेला आकडा.

मी ते वाक्य उभ्यानं वाचलं, मग खाली बसून वाचलं. त्यांना खोटं बोलावंच लागलं नाही. मी बोलून ठेवलं होतं.

मग डोक्यात दुसरी गोष्ट आली. तू गेलास तेव्हा मी म्हणत होते, कंपनीनं आपला माणूस लपवला. चावीकाकांना विचारलं. ते म्हणाले, कुठलं लपवलं, सभेच्या दुसऱ्या दिवशी कंपनीच्या प्रकल्पसाहेबांनी स्वतः त्याचं नाव हजेरीतून खोडलं, मी तिथेच होतो, साहेब हसत होते. त्यांना सदतीस नको होते. मलाही नको होते. तीस वर्षांत त्या साहेबांचं आणि माझं एकाच गोष्टीवर एकमत झालं, आणि ती गोष्ट म्हणजे तुला काढणं.

संध्याकाळी समितीची बैठक होती, औषधवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत, खोक्यांवर बसून. औषधवाला आपला सचिव आहे हे तुला ठाऊक आहे. भला माणूस, माझ्या दोन्ही तुरुंगवासांत घरी औषधं पोचवली होती. मी सांगितलं की आकडा खोटा होता आणि मी तो सुनावणीत मागे घेणार. 

औषधवाला म्हणाला, "ताई, तो आकडा आपला एकमेव साक्षीदार आहे. त्यालाच तुम्ही खोटा पाडणार?"

मी म्हटलं, तो आता त्यांचा साक्षीदार आहे. पान सत्तावन्न वाच.

"आणि खरे किती?"

नऊ, असं मी म्हटलं. परवा आणखी एक मेली.

तो चष्मा काढून पुसत बसला. मग म्हणाला, "नऊ म्हणालात तर ते म्हणतील, नऊ माशांसाठी अख्ख्या खोऱ्याची वीज अडवायची? दोनशे बारा म्हणालात तर निदान तुम्ही खोट्या ठरत नाही. आणि तुम्ही खोट्या ठरलात तर उद्या कोणत्याही नदीसाठी तुमचं कोण ऐकणार?"

"मग कोणता आकडा सांगू?" मी विचारलं.

"जो टिकेल तो."

धाकट्या, ज्या बाईनं मंत्र्याला भर रस्त्यात गप्प केलं होतं तिला औषधाच्या खोक्यावर बसून उत्तर सुचलं नाही. कारण तो मूर्ख नाही. तो म्हणतो तसं होऊ शकतं. नऊ ऐकून ते हसतील, आणि नऊ नष्ट झाल्यावर धरणही बांधतील, आणि मी खोटारडी म्हणून उरेन. सगळं हरण्याची ही पुरेपूर संधी आहे.

पण खिडकीत बसल्यावर एक फरक पडला आहे. पूर्वी मी तांबशेपटी म्हणायचे तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर माणसं यायची, टाळ्या वाजवणारी. आता नऊ येतात. एकीच्या पाठीवर चट्टा आहे. एकीला एकच डोळा आहे आणि ती काचेला नेहमी उजवी बाजू ठेवून जाते. एक इतकी जाड आहे की पायरी चढताना थबकते, मागे सरते, पुन्हा उडी घेते, आणि तिच्या प्रत्येक उडीला माझा अंगठा आखडतो.

बैठक संपली तेव्हा हात वर करून मत घेतलं. माझ्या बाजूनं माझाच हात होता. म्हणून समितीतर्फे औषधवाला बोलेल. मी माझ्यातर्फे, नागरिक म्हणून. पाच मिनिटं मिळतील. मला पाच मिनिटं म्हणजे प्रस्तावनाही होत नाही, हे तुला माहीत आहे.

ताई


१२ मे, मंगळवार

धाकट्या,

ही चिठ्ठी टपालानं पोचणार नाही, म्हणून सकाळच्या बसच्या चालकाच्या हाती देते आहे. तो तुझ्या कारखान्याच्या फाटकावर आज दुपारी देईल. पूर्ण वाच. उभ्यानं नको, बसून.

माझं निवेदन लिहून झालं आहे. एक पान. एवढं छोटं मी कधी लिहिलं नव्हतं, त्याला चार दिवस लागले. त्यात लिहिलं आहे की दोनशे बारा हा माशांचा आकडा नाही, तो फेऱ्यांचा आहे, आणि हे मला सभेच्या आदल्या दिवशी मोजणी करणाऱ्यानं सांगितलं होतं. तो माझा भाऊ होता, तो विकला गेलेला नव्हता, मी त्याच्यावर खोटा आरोप केला. त्या वर्षी मासे सदतीस होते, आज नऊ आहेत. शिडीचं वरचं तोंड सांडव्यापासून चाळीस पावलांवर ठेवलं म्हणून ते मरत आहेत, आणि दुसरी शिडी अशीच बांधली तर वर पोचलेली शेवटचीही मरेल. एवढंच. हाक नाही, घोषणा नाही. आईला वाचून दाखवलं. तिनं एका जागी थांबवलं, म्हणाली, "भाऊ होता नाही. भाऊ आहे." मी खोडून दुरुस्त केलं.

हे वाचून तू मला माफ करशील म्हणून सांगत नाही. माफीचं नंतर बघू, किंवा नको बघू. काम वेगळं आहे.

गेले सहा दिवस आम्ही एक करतो आहोत, चावीकाका आणि मी. शिडीच्या सगळ्यात वरच्या टाकीला जुनी लोखंडी जाळी आहे, सफाईच्या वेळी टाकायची. सकाळी सहाला, सांडवा उघडायच्या आधी, मी चाक फिरवून जाळी खाली सोडते. जी चढून येते ती वरच्या टाकीत अडकून राहते. बाराला सांडवा बंद झाला की जाळी वर घेते. मग ती शांत पाण्यात बाहेर पडते आणि तिला कुणी ओढत नाही. सहा दिवसांत चार गेल्या. चारांपैकी एकही पुन्हा खिडकीत आली नाही. धाकट्या, शिडी बांधल्यापासून पहिल्यांदाच उजव्या यंत्राचा आकडा आणि वहीतला आकडा सारखा आला आहे.

याची परवानगी कुणाची नाही. काकांना सहा ते बारा पलीकडच्या टोकाला दरवाज्यांपाशी उभं राहावं लागतं, प्रकल्पसाहेबांच्या खिडकीसमोर. ते जाळीला हात लावू शकत नाहीत. समितीतली माणसं गुरुवारी सगळी सुनावणीला, आणि तसंही ती आता माझा फोन घेत नाहीत. जाळी सोडून निघून जावं तर तेही चालत नाही. पाण्यातल्या काटक्या जाळीला चिकटतात, अर्ध्या तासात टाकीचं पाणी उतरतं, अडकलेली जागच्या जागी गुदमरते. सतत काढाव्या लागतात. आणि जाळीला डोकं आपटणारी दमलेली आहे की घाबरलेली, कधी थोडं पाणी वाढवायचं, हे ओळखायला डोळा लागतो. मला महिन्याभरात थोडा आला. तुला सहा वर्षांचा आहे.

जाड आहे ती अजून खालीच आहे. दोनदा पडली आहे, दोन्ही वेळा जाळी सुरू करायच्या आधी. काल संध्याकाळी मी तिला खालून चौथ्या पायरीवर पाहिलं. तिचा वेग बघता ती गुरुवारी सकाळी वर पोचेल, आठच्या सुमारास. तिसऱ्यांदा पडली तर उठणार नाही. अंडी असलेली आता तीच दिसते. बाकीच्यांची पोटं मी पुन्हा पुन्हा पाहिली. वर गेलेल्या चारांत मला नरच वाटले, चुकले असेन तर बरं.

सुनावणी दहाला सुरू होते. शहर तीन तासांवर आहे. मला सहाच्या आत निघावं लागेल. मी बोलायला गेले तर जाळी कुणी टाकत नाही. जाळीवर राहिले तर दोनशे बारा हा आकडा कागदावर तसाच राहतो आणि वर धरण होतं, मग ती वर पोचून तरी काय करणार. दोन्ही ठिकाणी मी हवी, आणि मी एकच आहे. आयुष्यभर मला वाटत आलं की माझा एक आवाज सगळीकडे पुरतो.

चावीकाकांना सांगितलं आहे की तू येशील. ते म्हणाले, नाही आला तर? मी म्हटलं, मग मी सुनावणीला जाईन आणि ती मरेल, आणि खरं तेवढं बोललं जाईल. हे मी ठरवलं आहे, तुला धाक म्हणून लिहीत नाही. पण मला ते असं व्हायला नको आहे.

कारखान्यात काय सांगायचं ते तू बघ. आईला तू येण्याचं काही सांगितलेलं नाही, आलास तर दार उघडेल, नाही आलास तर ती वाट बघत बसणार नाही. माझं तोंड बघावं लागू नये म्हणून मी पहाटेच बाहेर पडेन. खोलीची किल्ली काकांच्या हातून घे. जाळीचं चाक डावीकडे अडतं, त्याला आधी उजवीकडे अर्धा फेरा दे आणि मग सोड. काटक्या काढायची आकडी शिडीच्या कठड्याला टांगली आहे.

उद्या संध्याकाळची सव्वापाचची बस पकड. गुरुवारी सकाळी सहाला जाळी खाली सोड, आणि बारा वाजेपर्यंत तिथून हलू नकोस.

ताई